उरलेले चार

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस छातीत कळ येऊन कामावरच गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मागे राहिल्या आई, बायको आणि बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले त्याचे मासे. निऑन टेट्रा, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. एक वळला की सगळे वळायचे.

भेटायला येणारी माणसं कमी होत गेली आणि घरात दोघीच उरल्या. सासू-सून एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणे. या दोघी संध्याकाळी शेजारी बसून एकाच पाण्यात पाहायच्या. त्याच्याविषयी मात्र चकार शब्द नाही. एकीनं विषय काढला तर दुसरी कोसळेल, ही धास्ती दोघींनाही.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी निघताना ती टाकीत चिमूटभर खाणं टाकायची. नवऱ्याचं बघून तिला सगळं पाठ होतं. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं. सुट्टीच्या दिवशी टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धुवायचा नाही. काही चुकत नव्हतं, तरी पाणी दुधाळ होऊ लागलं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मग एक तळाशी आडवा दिसला. त्यानंतर रोज एखादा. सून पाणी बदलून थकली, आणि प्रत्येक मेलेला मासा सासूबाईंच्या नजरेआड करत राहिली.

एक दिवस दुकानातले दिवे गेले म्हणून ती दुपारीच घरी आली. सासूबाई टाकीशी उभ्या होत्या, तळहातावर माशांच्या खाण्याचा ढीग.

"आई, काय करताय?"

"घास घालतेय. दुपारी भुकेजतात गं. बघ कसे धावत येतात."

"रोज घालता?"

"तू गेलीस की. तुला सकाळच्या घाईत कुठलं सुचतंय, म्हटलं."

"मी घालते, आई. रोज सकाळी. जास्तीचं खाणं तळाशी कुजतं, पाणी नासतं."

सासूबाईंची मूठ मिटली. खुर्ची चाचपत त्या बसल्या. "म्हणजे हे कमी होत गेले, ते मीच मारले?"

सुनेच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्यालाही मीच. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. मी 'अजून एक घास' म्हणत वाढत राहिले. पोटच्या पोराला उपाशी कसं ठेवायचं?"

सून खाली, त्यांच्या पायाशी बसली. "डबा मीच भरायचे ना, आई? झाकण दाबून लावावं लागायचं. मलाही माहीत होतंच की."

त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडल्या. चहा ठेवला होता तो उतू गेला, कुणी उठलं नाही.

पाणी हळूहळू निवळलं, पण मासे चारच वाचले. ते एकत्र फिरेनात. एक फिल्टरमागे, एक पानाआड, दोन कोपऱ्यात, रंगही फिकुटले.

माशांच्या दुकानातली बाई म्हणाली, "यांची जात एकटी राहणारी नाही. चारांत यांना भीतीच वाटते. नवे न्या, नाहीतर हे मला द्या."

"नवे आणू या?" सुनेनं विचारलं.

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. एकीच्या पगारात घरभाडं झेपत नव्हतं. लेक त्यांना आपल्याकडे बोलावत होती, आणि सुनेनंही चष्म्याच्या दुकानाजवळ लहान खोली पाहून ठेवली होती. "आपलंच बिऱ्हाड मोडतंय. त्यांना कशाला बांधून ठेवायचं?"

दुकानातल्या बाईनं चौघांची पिशवी मोठ्या टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी आत घेतलं, मग पिशवी कलती केली. चौघे क्षणभर तळाशी थिजले. वरून निळा थवा आला, वळला, आणि तळ रिकामा झाला.

"आपले कुठले गं?" सासूबाईंनी काचेला नाक लावलं.

सुनेनं खूप शोधलं. सगळे एकसारखे. "तो बघा, आई," तिनं भलत्याच माशाकडे बोट दाखवलं.

"हो, तोच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनाही कळलं होतं. बराच वेळ दोघी तिथून हलल्या नाहीत.

महिनाअखेरीस नणंद गाडी घेऊन आली. सासूबाईंचं सामान एका बॅगेत मावलं. जिन्यात त्यांनी सुनेचा हात धरला, आणि गाडीचं दार लावायची वेळ आली तरी सोडला नाही.