दुभाषणीची सही

नांगा सेलिरोंगच्या कोर्टात पूर्वी पाच दुभाषी होते. आता एकटी सुलाऊ उरली होती आणि तिच्याही तोंडाला काम नव्हतं. आरोपी तिथल्या रानातल्या लोकांची इबान भाषा बोलो की चिनी, त्याचं मलायमध्ये भाषांतर कोर्टातलं यंत्रच करायचं. कारकून मंडळी त्या यंत्राला मावशी म्हणत. "मावशीला ना रजा लागते, ना तिचे गुडघे दुखतात," असं सुलाऊच्या देखत म्हणायला त्यांना काही वाटत नसे.

कायद्याला मात्र अजून माणसाची सही लागायची. म्हणून सुलाऊला मागच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं होतं. मूळ आवाज ऐकायचा, भाषांतर वाचायचं आणि 'बरोबर' या शब्दावर बोट टेकवायचं. पण तीन कोर्टं एकाच वेळी चालत आणि सुलाऊला कान दोनच. सुरुवातीला ती सगळं ऐकत बसली, तर काम तुंबलं आणि वरून विचारणा आली. मग ती नुसतं वाचायला लागली. वाक्यं इतकी नीटनेटकी असत की खोट काढायला जागाच सापडत नसे. असं करता करता तीन वर्षं गेली.

एका सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी तिची वाट बघत होती. नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून दोन लाँच बदलून आली होती. अंगावर सुतकाचे काळे कपडे होते. नाव सेंदी.

"तूच इबान बोलणारी ना गं?" तिने विचारलं. "आमच्या थोरल्यांना घरी कधी सोडणार?"

"कोण थोरले, इंदाई?" आईच्या वयाच्या बाईला इंदाईच म्हणायचं.

"उंगत. माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ. तुम्ही आठ वर्षांसाठी आत टाकलंय त्यांना."

सुलाऊला नाव ओळखीचं वाटलं नाही. तिने तिला आत नेऊन चहा दिला आणि ती बोलत गेली तसं ऐकून घेतलं. दोघे भाऊ रानडुकराच्या मागावर गेले होते. बंदूक उंगतची. उतरणीवर धाकट्याने ती मागून घेतली. त्याचा पाय घसरला, तो बंदुकीवर पडला आणि बार त्याच्याच पोटात उडाला. उंगतने त्याला पाठीवर टाकून तीन तास चालत लाँगहाऊसपर्यंत, अख्खं गाव राहतं त्या लांबलचक घरापर्यंत आणलं.

"पण त्यांनी गुन्हा कबूल केलाय," सुलाऊ पडद्यावरची फाइल वाचत म्हणाली. "हे बघा. 'होय. मी माझ्या भावाला मारलं. दुसऱ्या कोणाचा दोष नाही.'"

सेंदीने कप खाली ठेवला.

"अगं, ते रडणं आहे! तू कुठली गं? तुमच्याकडे कोणी मेलं की रडत नाहीत का? प्रेतापाशी मीसुद्धा तेच म्हणाले. मीच मारलं, मीच भात बांधून दिला, मीच पाठवलं. मग मलाही टाक की आत!"

सुलाऊने हेडफोन लावले. यंत्राने वगळलेला सगळा आवाज मूळ फितीत होता. न्यायाधीशांनी विचारलं, आरोप कबूल आहे का? मग बराच वेळ नुसता हुंदका. नंतर म्हाताऱ्याचा तो चढत जाणारा, ओढलेला सूर. तिच्या आईच्या मयताला मामांनी लावला होता, तोच. 'मीच मारलं रे तुला, मीच खाल्लं रे, माझा पाय का नाही घसरला, माझ्या आधी का गेलास रे.' पुढे पुढे तर तो न्यायाधीशांशी बोलतच नव्हता, मेलेल्या भावाशी बोलत होता. मावशीने हुंदके गोंगाट म्हणून गाळले होते आणि उरलेल्यातून तीन स्वच्छ वाक्यं काढली होती. त्याखाली सुलाऊचं नाव आणि वेळ. भाषांतर उमटल्यापासून चार सेकंदांत तिने 'बरोबर' म्हटलं होतं.

तिला सेंदीकडे बघायची हिंमत होईना.

दुपारी ती कोर्टाचे प्रबंधक लिंग साहेब यांच्याकडे गेली. त्यांनी फीत ऐकली नाही, कारण त्यांना इबान येत नव्हतं.

"म्हणजे यंत्र चुकलं म्हणतेस?"

"यंत्र चुकलं, साहेब. आणि मी ऐकलंच नव्हतं."

लिंग साहेबांनी उठून दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता; तिच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडल्या होत्या त्याने.

"सुलाऊ, हे वाक्य परत बोलू नकोस. यंत्र चुकलं एवढंच लिही, एक प्रकरण दुरुस्त होईल. तू ऐकलं नाहीस असं लिहिलंस, तर तुझी सही असलेली अकरा हजार प्रकरणं उघडी पडतील. नोकरी जाईल ते वेगळंच. दीड वर्षात तुझं पेन्शन आहे."

"यंत्र चुकलं म्हटलं तर वरचे विचारतील, मग तुम्ही बरोबर कसं म्हणालात?"

"ऐकण्यात चूक झाली म्हण. होते माणसाकडून."

तिने चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी प्रतिज्ञापत्रात खरं तेच लिहिलं: मी मूळ आवाज ऐकला नव्हता, गेली तीन वर्षं बहुतेक वेळा ऐकत नव्हते. लिंग साहेबांनी कागद घेतला, वाचला, आणि त्या दिवसानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. आठवड्याभरात तिला घरी बसवलं.

त्या प्रतिज्ञापत्रावर उंगतचं अपील दाखल झालं; सुनावणीआधी ती त्याला तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडे हडकुळा, डोकं भादरलेला म्हातारा बसला होता. दंडावरचं गोंदण सैल कातडीत विरघळल्यासारखं दिसत होतं. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली.

"अकी," आजोबांना म्हणतात तसं ती म्हणाली, "तुम्हाला शिक्षा झाली तेव्हा तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"मी रडत होतो तेव्हा न्यायाधीश मान हलवत होते," तो म्हणाला. "मला वाटलं, या माणसाला कळलं. नंतर आठ वर्षं म्हणाले. मला वाटलं, शहरात सुतक असंच पाळत असतील."

अपिलात शिक्षा रद्द झाली आणि खटला परत खालच्या कोर्टात आला. पुन्हा तोच पिंजरा, तोच प्रश्न. सुलाऊ लोकांच्या बाकावर सेंदीशेजारी बसली होती. तिथून तोंड उघडायची तिला परवानगी नव्हती. या वेळी भाषांतरावर नजर ठेवायला दुसऱ्या शहरातून माणूस आणला होता. वकिलाने उंगतला पढवलं होतं की फक्त 'नाही' म्हणा. भावाच्या बायकोसमोर 'मी नाही' म्हणणं त्याला जमेना आणि 'मीच' म्हणायची आता भीती बसली होती. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. पडद्यावर अक्षरं उमटली: आरोपी गप्प आहे. तेवढं बरोबर होतं.

सरकारी पक्षाने डॉक्टरचा अहवाल पुन्हा तपासला. गोळी पोटात खालून वर गेली होती, बंदुकीवर पडलेल्याला लागते तशी. दोन महिन्यांनी खटला मागे घेतला आणि म्हातारा घरी गेला. सुतक फेडायच्या दिवशी मोठ्या भावाने मेलेल्याला निरोपाचे शब्द द्यायचे असतात. अख्खं लाँगहाऊस वाट बघत बसलं. उंगतच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी सेंदीनेच ते बोलून टाकले. तेव्हापासून तो कोणाशीच बोलत नाही, असा निरोप लाँचवाल्याकडून आला.

सुलाऊचं प्रतिज्ञापत्र वर्तमानपत्रात छापून आलं, तशी माणसं तिच्या दारात येऊ लागली. कोणाचा भाऊ आत, कोणाचा बाप. कोणी गावातलं, कोणी दोन दिवसांच्या वाटेवरचं. सगळ्यांच्या हातात निकालपत्राची प्रत आणि तळाशी तिचं नाव. मूळ फिती कोर्टाने कुलपात ठेवल्या होत्या. त्या द्यायच्या की नाही यावर वकिलांचा वाद चालू होता.

एका सकाळी एक गरोदर बाई आली. पायरीवर बसून तिने कागद पुढे केला.

"माझा नवरा आहे. बारा वर्षांची शिक्षा झालीय. एवढंच सांगा बाई, याचं तुम्ही ऐकलं होतं का?"

सुलाऊने नाव वाचलं, तारीख वाचली, कागद उलटून पाहिला. ती तारीख गुरुवारची होती, तीनही कोर्टं भरगच्च चालायचा दिवस. तिने खूप आठवून पाहिलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

बाई उठली नाही. तिच्यामागे फाटकापाशी आणखी दोघं उभी होती.