उत्तरेचं खोरं

माझा थोरला भाऊ तेत्सुजी तीस वर्षं लोकांना स्कीवर डोंगरात नेत होता. जिथे लिफ्ट नाही, वाटही नाही, अशा डोंगरात. खाली गावात मी आमचं आठ खोल्यांचं पाहुण्यांचं घर चालवते. त्याची माणसं माझ्याकडे उतरायची, माझ्या हातचं जेवायची.

एगुची-सान त्यातले सगळ्यात जुने. ओसाकाचे, पुलांची कामं करणारे इंजिनिअर. अकरा वर्षं दर फेब्रुवारीत एकटे यायचे. बायकोला थंडी सोसत नसे. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून विचारायचे, "ताई, नोप्पे आहे ना?" अळकुड्या, गाजर, अळंबी घालून मी ते मंद आचेवर शिजवते. दोन वाडगे संपवूनच ते पाठीवरची पिशवी उतरवायचे.

त्या वर्षी ते आले त्याच्या आदल्या दिवशी पाऊस पडला आणि जुन्या बर्फाची काच झाली. मग तीन दिवस नुसता बर्फ. घराबाहेर पडता येईना. चौथ्या सकाळी आभाळ लख्ख उघडलं. एगुची-सान भात आणि खारवलेला पाला खात म्हणाले, "आज उत्तरेचं खोरं."

दादा म्हणाला, "आज नाही. खाली काच आहे, वर छातीभर नवा बर्फ. त्यानं अजून धरलेलं नाही. आज बीच झाडांच्या रानातून फिरू."

"रानात मी दरवर्षी फिरतो. उद्या मला परत जायचंय."

"मग पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी गुडघे राहतील का माझे? खरं सांगा, तेत्सुजी-सान, वय झालं ना तुमचं? तसं असेल तर बसा शेकोटीपाशी. वाट मला माहीत आहे. मी जातो एकटा."

दादानं वाडगा खाली ठेवला. एगुची-सान खरंच उठले आणि दाराशी जाऊन बूट चढवू लागले. मी भाताचे गोळे बांधत होते. आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो लावून भाजलेले, चार. मी दादाला हळूच म्हटलं, "हट्टी माणूस आहे, जाईल एकटा. तू बरोबर असलेला बरा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला.

साडेअकराला त्याचा फोन आला. "माणसं पाठव. फावडी घेऊन." एवढंच.

घडलं ते असं. स्कीच्या तळाला चढताना घसरू न देणारे पट्टे लावून दोघं तीन तास चढले. माथ्यावर दादानं बर्फ खणून पाहिला आणि पुन्हा सांगितलं, माझ्यामागून, कडेकडेनं या. तो आधी उतरला आणि एका झाडापाशी थांबला. एगुची-सान अर्ध्यापर्यंत त्याच्याच रेघेवर आले, मग मधे वळले. मधला बर्फ अजून कुणी तुडवला नव्हता. ते मोठ्यानं हसत होते, दादाला झाडापर्यंत ऐकू येत होतं. मग अख्खा उतार चादर ओढावी तसा सरकला.

एगुची-सानांच्या गळ्यातल्या यंत्राच्या सिग्नलवरून त्यानं चार मिनिटांत जागा शोधली. ते दीड पुरुष खोल होते. कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, आणि खणणारा एकटा. चाळीस मिनिटं लागली, तोवर श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पत्नी मिसाओ-सान आल्या. शहरातला पातळ कोट घालून. दादा त्यांच्यासमोर चटईवर कपाळ टेकून म्हणाला, "मीच त्यांना नेलं. आज बर्फ चांगला आहे, असं मीच म्हणालो." पोलिसांनाही त्यानं हेच सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं. त्यानं मान न उचलता म्हटलं, "तू जेवण आण."

नोप्पे तयारच होतं, मी ते आणलं. मिसाओ-सान वाडग्याकडे बघत राहिल्या. "हे मला जमत नाही म्हणून दरवर्षी बोलणी खाते मी." त्यांनी एक अळकुडी खाल्ली. मग दादाला म्हणाल्या, "वर बघा. एकतीस वर्षं त्या माणसानं कुणाचं ऐकलं नाही. तुमचं का ऐकेल? खोटं बोलू नका माझ्याशी."

दादा म्हणाला, "पुढे मी होतो."

मिसाओ-सानांनी वाडगा पूर्ण संपवला, सावकाश, रडत रडत.

त्यानंतर दादानं पाहुण्यांना नेणं सोडलं. आता तो म्हाताऱ्यांच्या छपरांवरचा बर्फ काढतो. मागच्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं अंगणातला बर्फ ओढत होतो, तेव्हा वर्षभर मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "दादा, मी तुला जा म्हटलं नसतं तर..."

तो फावड्यावर रेलला. "तू म्हटलं नसतंस तरी गेलो असतो," तो म्हणाला. "त्यांनी वय काढलं म्हणून नाही. ते एकटे जातील म्हणूनही नाही. तीन दिवसांचा ताजा बर्फ होता, वर ऊन. मलाच उतरायचं होतं त्यातून. म्हणून तर मी आधी उतरलो."

त्याचे हात लाल झाले होते. मी माझे हातमोजे काढून त्याला दिले, पण त्यानं ते घेतले नाहीत, पुन्हा खणायला लागला.