प्लास्टिकखालचा गालिचा

वास कुठून येतो ते रश्मीला कळेना. डायपरचा डबा धुऊन झाला, मोरीच्या जाळीत फिनेल ओतून झालं, फ्रिजमागे टॉर्च मारून झाला. तरी मुलुंडच्या त्या इवल्याशा हॉलमध्ये नासलेल्या दुधाचा, न वाळलेल्या कपड्यांचा वास ठाण मांडून बसला होता.

मिहिर मात्र मजेत. नुकता रांगायला लागलेला. लादीवर त्याचे गुडघे सटकायचे, हनुवटी आपटायची, म्हणून तर पावसाळ्याआधी गालिचा आणलेला. धुता येईल असा घेऊ, असं रश्मीचं म्हणणं. नवऱ्याला, धम्मपालला, हवा होता पाय बुडतील असा, जाड, लांब केसांचा, सायीच्या रंगाचा. "आपल्या खानदानात पहिला गालिचा येतोय गं. पायपुसण्यासारखा काय घ्यायचा?" आणि घरी आणल्यावर त्याने वरचं प्लास्टिक काढूच दिलं नाही. सोफ्यावर होतं, गादीवर होतं, तसं गालिच्यावरही राहिलं. मळायला नको. पोरगं त्यावर चुरचुर आवाज करत फिरायचं.

त्या रविवारी सकाळी मिहिरला कडेची उखडलेली चिकटपट्टी सापडली. त्याने हात आत घातला, मूठ बाहेर काढली आणि तोंडात कोंबली. रश्मीने धावत जाऊन बोट घातलं. टाळूला चिकटलेला गोळा निघाला, हिरवट, केसाळ, बुळबुळीत. ओल्या फडक्याने ती त्याची जीभ पुसत राहिली आणि तो लबाड हसत दोन दातांनी तिचंच बोट चावत राहिला.

मग तिने प्लास्टिक ओढलं. ते ओल्या कातडीसारखं चर्रकन सुटलं. खाली सायीचा रंग नव्हताच. सांडलेलं दूध कडेने आत जाऊन थिजलं होतं, बिस्किटाचा लगदा केसांत गुंतून काळा पडला होता आणि बुरशीच्या चट्ट्यांमधून झुरळांची पिल्लं सैरावैरा पळाली.

धम्मपाल ब्रश करत बाहेर आला.

"ड्रायक्लीनला देऊ."

"आणि मग?"

"मग परत वरून..." तो थांबला.

"बोल ना, थांबलास का?"

"नवा आहे गं तो."

"मग तू चाट. तुझा लेक चाटतोय, तू पण चाट."

तो वाकला, नाक जवळ नेलं आणि तसाच तोंड दाबून बेसिनकडे पळाला. नंतर त्याने गालिचा गुंडाळला आणि खाली कचऱ्यात टाकून आला. आल्यावर कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.

संध्याकाळी ते पुन्हा दुकानात गेले. रश्मीने मिहिरला धम्मपालच्या कडेवर दिलं आणि सरळ गुडघ्यांवर बसली.

"मॅडम, उभ्या राहून बघा ना, शेड बरोबर कळते," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडे बघणारा रांगतो," ती म्हणाली.

एकेक गालिचा ती हुंगत गेली. एकाला गोंदाचा उग्र वास. एकावर तळवा घासला तर केसांचा पुंजकाच हातात आला. तो मिहिरच्या घशात अडकलेला तिला दिसला आणि तिने हात ओढणीला खसाखसा पुसला. सकाळचा तो बुळबुळीतपणा बोटावरून अजून गेला नव्हता.

"लोक बघतायत यार," धम्मपाल हळूच म्हणाला.

"बघू देत."

ती पुढे सरकली. मागे चपला वाजल्या. धम्मपाल पोराला घेऊन तिच्या शेजारी बसला होता. त्याने मागच्या बाजूला गोंद नसलेली एक पातळ, साधी सुती सतरंजी ओढली, वास घेतला. मग दाढी केलेला गाल सतरंजीवर घासून बघितला.

"टोचत नाही," तो म्हणाला. ती उलटी करून शिवण तपासली आणि मान वर करून दुकानदाराला विचारलं, "ही घरच्या बादलीत भिजेल ना? आम्हाला रोज धुवावी लागणार."