बसलेला घसा माझा नव्हता

“ताई, फुकट आहे म्हणजे अर्धं असणार. आधी नीट बघून घे,” असं मामाने बजावलं होतं. ताईने ते कानाआड केलं. मी तिथेच होतो, फडताळाच्या वरच्या कप्प्यात. पण मला कोण विचारतो?

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. मुठीएवढा, गोल, एकेकाळी निळा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचंच बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, तेव्हा मध्ये कुठे खरखर झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. कुणी पडदा ताणला, कुणी चुंबक बसवलं, कुणी तारेचं वेटोळं घातलं. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायची. ती प्रत्येकाला कानाशी धरून एकच सूर वाजवायची आणि मान डोलावून पुढे सरकवायची. माझ्या वेळी तिने दोनदा ऐकलं. मी घाबरलो. मग ती शेजारणीला म्हणाली, “हा जरा जाडा बोलतो, पण स्पष्ट बोलतो.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं मामाने. तो व्यायामवर्ग चालवायचा. भल्या सकाळी मला खिडकीत ठेवून तो आपलाच रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा, “एक, दोन, तीन, चार, पोट आत!” समोर घामाघूम झालेल्या काकू माझ्याकडे रागाने बघायच्या. “अहो, जरा सावकाश मोजायला सांगा त्याला!” जसं काही मीच त्यांना वाकवत होतो. तरी त्या दिवसांत माझा रुबाब होता. पुढे वर्ग वाढला, मामाने कमरेएवढा उंच स्पीकर आणला आणि माझी रवानगी मोज्यांच्या खणात झाली. मित्रांनो, अडगळीत पडलं की आवाज जात नाही. पण आपल्याला आवाज आहे, हे मात्र विसरायला होतं.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते गुंडीसाठी. गुंडी म्हणजे मामाची सात वर्षांची भाची. शर्टाच्या गुंडीसारखी गोल आणि तशीच सारखी हरवणारी, म्हणून गुंडी. मामाची ताई म्हणजे तिची आई. यापुढे मी तिला आईच म्हणतो, कारण त्या घरात दिवसभर तोच शब्द कानावर पडतो.

गुंडी हुशार होती, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्याशी खेळायची. ‘मगर’चं ‘गरम’ व्हायचं आणि ‘सरळ’चं काय वाटेल ते. कानाने ऐकलेलं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. शाळेतल्या बाईंनीच सुचवलं, “तिला ऐकवा. मोठ्या माणसांची चरित्रं ऐकवा.” आई आधीच काळजीचं आगर. पोरगी शिंकली तरी आईचा हात तिच्या कपाळाला लागायचा. मोबाईल हातात द्यायचा नाही, डोळे बिघडतील. मग ऐकवायचं कशावर? म्हणून मी आलो. मोबाईल आईच्या पर्समध्ये आणि आवाज माझ्या तोंडून.

पण चरित्रं आणायची कुठून? पूर्ण चरित्रं ऐकायची तर महिन्याच्या महिन्याला वर्गणी होती आणि ती घरच्या हिशेबात बसेना. फुकट मिळत होते ते नमुने. प्रत्येक चरित्राची पहिली काही मिनिटं. आईने दर्यावर्दी, वैद्य, पूल बांधणारे, राज्य चालवणाऱ्या बाया असे कितीतरी नमुने एकापाठोपाठ ओवले. मामाने इशारा दिला तो याच वेळी.

“अरे, माझं सगळं काम नमुन्यावरच चालतं,” आई म्हणाली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. “एका थेंबावरून माणसाचं सगळं कळतं मला.”

“रक्ताचं कळतं. आयुष्याचं नाही.”

“तू स्वतःच एक नमुना आहेस. चहा घे.”

झालं. आई स्वयंपाकाला लागली की मी सुरू व्हायचो. “होडी उलटली, लाटांनी त्याला आत ओढलं आणि तेवढ्यात...” टुंग! “पुढे ऐकण्यासाठी आजच सदस्य व्हा!” की लगेच पुढचं चरित्र. भांड्यांच्या आवाजात आईला ते टुंग काही वेगळं वाटलं नाही. गुंडीला मात्र सगळं पाठ झालं. टुंगसकट.

एके दिवशी वर्गात प्रत्येकाने एकेका थोर माणसाविषयी सांगायचं होतं. गुंडी ऐटीत उभी राहिली. दर्यावर्द्याचं गाव, त्याची आई, फाटकं शीड, उलटलेली होडी, सगळं तिने रंगवून सांगितलं. बाई खूश. “वा! मग पुढे काय झालं?”

“मग ते सदस्य झाले.”

“कशाचे सदस्य?”

“असंच. मोठे झाले की सगळेच होतात.”

वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीपर्यंत गुंडीचं नाव ‘सदस्य’ पडलं होतं. हे मला संध्याकाळी कळलं, तिने मला पालथं घालून वर उशी ठेवली तेव्हा. “मला नाही ऐकायचं. कुणाचंच नाही.”

आई दारात उभी होती. वाचनाचं दार आधीच घट्ट होतं, आता हेही लागलं. तिने भावाला फोन केला.

“हसू नकोस.”

“हसत नाहीये गं.”

“मला ऐकू येतंय!”

मग आईने शोधाशोध मांडली. स्वस्तातलं एक चरित्र मिळालं, ते यंत्राने वाचलेलं होतं. राजाचा मृत्यू आणि बाजारभाव एकाच सुरात. दुसऱ्यात सबंध आयुष्य चहा निवेपर्यंत उरकलं होतं. आई कंटाळून गेली. आणि एक दिवस प्रयोगशाळेत, काळा चष्मा लावलेले एक काका रक्त द्यायला आले. त्यांच्या कानात तार होती.

“काय ऐकताय?” सुई टोचताना लक्ष दुसरीकडे जावं म्हणून आईने विचारलं.

“चरित्र. वाचनालयातून आणलंय. आम्हा अंधांसाठी लोक वाचून ठेवतात. लहान मुलांनाही देतात. फुकट.”

फुकट म्हटल्यावर आईचे कान टवकारले. “पूर्ण असतं का?”

“अहो, शेवटी शोकसभासुद्धा असते!”

त्याच दिवशी ती वाचनालयात गेली. ग्रंथपालबाईंनी मागच्या कपाटातून नखाएवढं एक मेमरी कार्ड काढलं. “कुणी मागतच नाही हो. थांबा, धूळ झटकून देते.” माझ्या पाठीला एक बारीक खाच आहे. इतकी वर्षं ती कशासाठी आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. कार्ड तिथे टक्कन बसलं.

आईने गुंडीला हाक मारली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बसली आणि मला नुसतं सुरू केलं.

“हॅलो. ऐकू येतंय ना? बरं.” वयस्कर बाईचा आवाज, ताठ आणि स्वच्छ. फार वर्षांपूर्वी एका बाईने गच्चीवर बसून ताऱ्यांचे नकाशे काढले, तिचं हे चरित्र होतं. गुंडी पलंगाखाली पाठ करून पडली होती. एक घटका गेली. ताऱ्यांची बाई अंधारात जिन्यावरून घसरली, पाय मोडला, आणि आवाज थांबला. मला पलंगाखालचा श्वासही थांबलेला ऐकू आला. आता टुंग होणार!

“लाइनवर राहा हं. पान उलटते.”

कागद सळसळला आणि गोष्ट पुढे चालू लागली.

गुंडी केसात जळमटं घेऊन बाहेर आली. “आई! पुढे आहे!”

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. वाचणारी आजी पूर्वी टेलिफोन खात्यात होती, हे तिनेच बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. त्यामुळे पान उलटायचं असो की पाणी प्यायचं असो, “लाइनवर राहा हं” म्हटल्याशिवाय ती जायची नाही. गुंडी जेवताना ऐके, वेणी घालून घेताना ऐके. ताऱ्यांची बाई चुकायची, चिडायची, भावाशी भांडायची, पुन्हा गच्चीवर जायची. गुंडीने वर्गात जाऊन त्या चिडवणाऱ्या पोरांना मोडलेल्या पायाची गोष्ट सांगितली आणि मुद्दाम मध्येच थांबली. आता तीच पोरं तिच्या मागे लागली, “मग? मग काय झालं?”

पण हळूहळू माझा आवाज बसू लागला. निदान सगळ्यांना तसं वाटलं. शब्द फाटके येऊ लागले, टोकाला नुसती हवा. आई म्हणाली, “या डबड्याचा घसा गेला. नवीन बघायला हवा.” मित्रांनो, मला पक्कं माहीत होतं की माझा पडदा धड आहे. पण सांगू कसं? माझ्याकडे आवाज आहे, शब्द नाहीत.

रविवारी मामा आला. “थांब ताई, टाकू नकोस. आधी तपासू.” त्याने आपली जुनी मोजणी लावली. “एक, दोन, तीन, चार, पोट आत!” मी असा खणखणीत बोललो की आईने नकळत पोट आत घेतलं.

मामा हसू लागला. गुंडी हसली नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे स्पीकर बरा आहे. आजारी त्या आजी आहेत.”

“अगं, ते जुनं रेकॉर्डिंग असेल,” आई म्हणाली. “त्या आता बऱ्याही झाल्या असतील.”

“तुला माहितीये?”

दर शिंकेला कपाळ चाचपणारी आई, पण तिच्याकडे या कपाळाचा पत्ताच नव्हता.

दोनच भाग उरले होते. ते गुंडीने अगदी माझ्याजवळ कान आणून ऐकले. ताऱ्यांची बाई म्हातारी झाली, तिची नजर मंदावली. शेवटच्या भागात तिने भाचीला जवळ बोलावलं आणि... खोकला. पुन्हा खोकला. “लाइनवर राहा हं.” मग काहीच नाही.

आईला मनातून जरा बरंच वाटलं. पुढे मरण येणार हे तिला कळत होतं, आणि ते पोरीच्या कानावर पडायला नको होतं. पण गुंडी ताट तसंच ठेवून माझ्यासमोर बसून राहिली.

“चल, जेव आता. संपलंय ते.”

“नाही संपलं. त्या म्हणाल्या थांब. मी थांबलेय.”

दुसऱ्या दिवशी आई, गुंडी आणि पिशवीतून मी, असे तिघे वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाई ओशाळल्या. “हो हो, त्या आजी! येते म्हणाल्या आणि आल्याच नाहीत. मीही कामात... नंबर मी देऊ शकत नाही, पण लावून देते.”

घंटी वाजत राहिली. कुणी फोन उचलला नाही.

“बाहेर गेल्या असतील,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“परत लावा,” गुंडी म्हणाली.

“गुंडी, असं मागे लागू नये बाळा.”

“लावा ना!”

पुन्हा घंटी. बऱ्याच वेळाने पलीकडे खाट करकरली आणि वाऱ्यासारखा बारीक आवाज आला, “कोण?”

गुंडीने एका दमात विचारलं, “भाचीला जवळ बोलावलं, मग काय झालं?”

पलीकडे खाट पुन्हा करकरली. मग, “तू... ऐकत होतीस?”

आजींच्या घशाला मोठं दुखणं झालं होतं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. मनाई केव्हाच संपली होती, पण घरात बोलायला कुणी नव्हतं, फोनही यायचा नाही. म्हणून आवाज बरा होऊन तसाच पडून होता. आपलं वाचलेलं कुणी ऐकतं, यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. त्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं.

घर एका खोलीचं, खिडकीशी उंच पाठीची खुर्ची, टेबलावर ते पुस्तक, आत खूण घातलेली. आजी वाचू लागल्या. एक परिच्छेद झाला, आवाज फाटला. त्यांनी पुस्तक आईपुढे सरकवलं. आई कचरली. मग भराभर वाचू लागली, मरणाचं पान लवकर मागे पडावं म्हणून.

“अहो, गाडी पकडायचीय का तुम्हाला?” आजी कुजबुजल्या. “ती म्हातारी आहे. तिला सावकाश जाऊ द्या.”

आई सावकाश वाचू लागली. भाचीने आत्याचा हात धरून तो नकाशावरच्या एकेका ताऱ्यावर ठेवला. आत्याने नजरेशिवाय ताऱ्यांची नावं सांगितली. आणि मग ती गेली. आईने पुस्तक मिटलं. गुंडीचे डोळे भरले होते, पण ती घाबरली नव्हती. तिने नाक पुसलं आणि आजींना विचारलं, “आता कुणाचं वाचायचं?”

आजी आता आठवड्यातून दोनदा वाचनालयात वाचतात. घसा थकला की गुंडीची आई पुढचं पान घेते. मी त्यांचं वाचलेलं घरोघरी पोचवतो, कारण वर्गातल्या चारपाच पोरांच्या घरी आता माझी पाळी लागलेली असते. माझी एक बाजू चेपली आहे आणि झाकणाला रबर लावलंय. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्याकडे असेल, तर टाकण्याआधी एकदा तपासून बघा, एवढंच माझ्यापुरतं मागणं.

दुसरं मागणं मात्र मोठं आहे. मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी कुणीतरी काहीतरी वाचून दाखवलं असेल, गोष्ट सांगितली असेल, निदान जिन्यावरून रोज नावाने हाक मारली असेल. ती हाक अलीकडे ऐकू येते का? येत नसेल तर ‘असतील कुठेतरी’ म्हणून सोडून देऊ नका. आईला विचारा, बाबांना सोबत घ्या, आणि आजच त्यांच्या दारावर टकटक करून या. दार लगेच उघडलं नाही तर जरा थांबा. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो.