सदतीस नंबरच्या बाईचा सडा

जयवंताबाईंचा एक नेम होता. पहिला घास तोंडात घालण्याआधी, त्या दिवशी ज्याच्यामुळे आपलं काही बरं झालं अशा एका माणसाचं मनात नाव घ्यायचं. कधी दूधवाला, कधी बसचा कंडक्टर, कधी पिठात खडा निघाला नाही म्हणून चक्कीवाला. सोमवारचा उपास, तुळशीला पाणी, दिवेलागण हे सारं होतंच. पण हा नेम चुकला तर त्यांना ताटातलं गोडही कडू लागायचं.

चौऱ्याहत्तर साली त्या शहराच्या सदर भागात, खाणकामगारांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत होत्या. देशात कुठल्या खाणीत काही तपासणी झाली की तिचा इंग्रजी अहवाल टपालानं यायचा. जयवंताबाई त्याचं मराठी करायच्या, स्टेन्सिल कापायच्या, आणि सायक्लोस्टाइल केलेला कागद विदर्भातल्या खाणींवर रवाना व्हायचा.

श्रावणात दूरच्या एका दगडखाणींच्या जिल्ह्यातून धुळीविषयी अहवाल आला. चाळीस पानांचा.

"आपलं मात्र एकच पान हं, बाई," संस्थेचे प्रमुख कृष्णकांतसाहेब म्हणाले. "दोन पानं दिली की मुकादम त्यात तंबाखू बांधतात."

"एका पानात मावत नाही का हो तंबाखू?" बाई हळूच म्हणाल्या. साहेब हसले, पण पान एकच राहिलं.

या कागदात बाईंचा जीव गुंतला होता. त्यांची धाकटी बहीण सत्यवती रामटेकच्या पुढं मँगनीजच्या खाणीवर झाडूकाम करायची. बायका जिथं बसून दगड निवडायच्या ते आवार ती झाडायची, आणि वर्षभर तिला कोरडा खोकला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितलं होतं, "अजून स्वच्छ आहे. धूळ थांबली तर खोकला जाईल. नाही थांबली, तर पुढच्या फोटोत काय निघेल ते मी सांगू शकत नाही."

अहवालात ओलं करून झाडण्याविषयी होतं. 'ओलं झाडणं' हे शब्द बाईंना कानाला बरे वाटेनात. मग त्यांना आपलं अंगण आठवलं आणि त्यांनी लिहिलं, 'घरी करता तसं आवारात रोज झाडून सडा टाका.' साहेबांनी मान डोलावली. "वा! हे बायकांना बरोबर समजेल."

दिवाळी आली, गेली. सत्यवतीचा खोकला होता तिथंच होता.

एका सोमवारी बाई रजा टाकून बसनं खाणीवर गेल्या. आवारात सात-आठ जणी ओळीनं झाडत होत्या. काळी धूळ अशी उठली होती, की सत्यवती कोणती ते बाईंना तिच्या खोकल्यावरून कळलं. झाडणं आटोपलं, आणि मग बायकांनी बादल्या उचलल्या. काय सुरेख सडा टाकला! वर रांगोळी तेवढी राहिली.

"अवं, पानी आता काहून?" बाईंनी विचारलं.

सत्यवती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता नाई तं कवा वं ताई? तूच तं लिवलं. झाडून सडा टाका. घरी जसं करतो तसंच करून राहिलो."

बाईंनी बादलीकडे पाहिलं, मग झाडूकडे. खरंच की. घरी आधी झाडायचं, मग सडा. त्यांची आईही तसंच करायची, आजीही. धूळ छातीत जायची ती गेल्यावर मागून पाणी.

"आधी पानी टाका वं माय," त्या म्हणाल्या. "झाडू मागून."

"मंग चिखलाचा गारा होते ना ताई, गारा!" कवडू मुकादम हसला. "गारा काय झाडूनं निंगते?"

बाई तशाच बसनं परतल्या. संध्याकाळी उपास सोडताना कोणाचं नाव घ्यावं ते त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून पुन्हा वाचला. एकोणतिसाव्या पानावर, एका पानात मावेना म्हणून त्यांनीच गाळलेला मजकूर होता. तपासलेल्या झाडूवाल्यांत फक्त एकीची छाती साफ निघाली होती. तिचं नाव दिलेलं नव्हतं, नुसता नंबर, सदतीस. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मी आधी लोट्यानं हलकं पाणी शिंपडते, जरा थांबते, जमिनीनं ते पिऊन घेतलं की झाडते. चाळीस पानांची विद्या त्या बाईच्या लोट्यातून निघाली होती!

जयवंताबाईंचे डोळे भरून आले. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, चूक माझी आहे. मला दुसरं पान हवं."

साहेबांनी एकोणतिसावं पान वाचलं आणि नवं स्टेन्सिल पुढं केलं. नवा कागद गेला: 'घरचा सडा झाडल्यावर, खाणीतला सडा झाडण्याआधी. बादली ओतू नका, लोट्यानं शिंपडा. विड्याचं एक पान लावून होईतो थांबा, मग झाडा.' आणि खाली सदतीस नंबरच्या बाईची सगळी हकीकत.

मूळ अहवाल लिहिणाऱ्यांनाही बाईंनी पत्र धाडलं. आमच्याकडे असं उलटं झालं, जिथं जिथं आधी झाडून मग सडा टाकतात तिथल्या लोकांना कृपा करून हे मुद्दाम सांगा. शेवटी भीतभीत एक ओळ: त्या बाईंचं नाव कळेल का?

संक्रांतीला बाई तिळाचे लाडू घेऊन खाणीवर गेल्या. आवार ओलसर होतं. झाडू चालले होते आणि झाडणाऱ्या जणींचे चेहरे लांबून ओळखू येत होते. कवडू एका नवीन बाईवर ओरडत होता, "कोरडं नोको झाडू वं! सदतीस नंबरवालीसारखं कर!"

जेवणाच्या सुट्टीत सत्यवतीनं शेजारणीच्या हरवलेल्या गाईची गोष्ट सुरू केली. गाय हरवली, कोंडवाड्यात सापडली, घरी आली, तरी सत्यवती एकदाही खोकलली नाही. बाई गाईचं काहीच ऐकत नव्हत्या. त्या नुसता बहिणीचा श्वास ऐकत होत्या.

"लाडू हातात घेऊन काय बसली?" सत्यवती म्हणाली. "नेम होय ना तुहा? आज कोनाचं नाव घेतलं?"

"सदतीस."

"तिले नाव नाई का वं?"

"असन ना. इचारलं पत्रातून. अजून उत्तर नाई आलं."

"आलं की मले सांगजो. आमी साऱ्याच इचारून राहिलो." सत्यवतीनं झाडू उचलला. "आता खाय बाई तो लाडू. भोंगा वाजून राहिला, मले अजून पानी शिंपडाचं हाय."