धगीतला बर्फ

दमयंतीने बर्फाच्या लादीवरचं पोतं ओढून काढलं आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. बोटं बधिर झाली तरी हात काढवेना. धगीवर बर्फ होतो म्हणे! आयुष्य चुलीपुढे गेलं, पण असली चूल तिने कधी ऐकली नव्हती.

तिचे सासरे, अण्णा तांडेल, मात्र भुवया चढवून उभे होते. सातपाटीचा जुना बर्फाचा कारखाना वीज गेली की आचके द्यायचा. मागच्या दोन्ही खेपांना बर्फ पुरला नाही, पापलेटं नरम पडली आणि मातीमोलाने गेली. ही खेपही फसली तर बोट विकायची, असं घरात ठरलं होतं. त्यात धक्क्यावरचे सगळे बोटवाले अण्णांकडे बघत थांबलेले. त्यांनी हा बर्फ चढवला तर बाकीचे चढवणार, नाहीतर धक्क्यालगतचा हा धगीवरचा नवा कारखाना माशा मारत बसणार.

"तारापूरच्या अणूचा बर्फ," अण्णा म्हणाले. "माझ्या म्हावऱ्याला बाधला म्हंजे?"

नव्या कारखान्याची इंजिनीअर रूपल पुढे झाली. "अण्णा, तारापूरच्या त्या छोट्या अणुभट्टीतलं पाणी भट्टीतच फिरतं. नळाच्या भिंतीआडून ते दुसऱ्या पाण्याला नुसती धग देतं. ते दुसरं पाणी बोईसरच्या कारखान्यांचं काम करून इथवर येतं नि त्याच्या धगीवर हे गारवा करणारं यंत्र चालतं. बर्फ आपल्या गोड्या पाण्याचाच."

"आनि सांजचे दिवे लागले की? तवा वीज पुरंल?"

"दुपारी उन्हाची वीज भरपूर असते. तेव्हा भट्टीची धग टाकीत साठवतो. संध्याकाळी भट्टी गावाला वीज देते, आणि बर्फ साठवलेल्या धगीवर होतो."

"म्हंजे राखंखाली निखारा ठेवल्यासारखं," दमयंती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

अण्णांनी यंत्राकडे येणाऱ्या गरम पाण्याच्या नळाच्या उघड्या सांध्याजवळ हात नेला, झळ लागताच मागे घेतला. मग लादीवर ठेवला. पुन्हा नळाकडे पाहिलं, पुन्हा लादीकडे. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"आई महालक्ष्मी," ते पुटपुटले. मग मुलाकडे वळले. "प्रीतम, उचल ती लादी. पान्यात टाक."

प्रीतमचा चेहरा उतरला, पण बापाचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. लादी धपकन खाडीत पडली, बुडाली, वर आली आणि उन्हात लखलखत डुलू लागली. संपलं, बोट गेली, असंच दमयंतीला वाटलं. रूपलने मान खाली घातली.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडले.

"येवढी मोठी नवलाची करनी," ते म्हणाले. "पयली लादी दर्याला नको? त्याला सोडून आपून कशी घेनार?"

टोपी डोक्यावर ठेवून त्यांनी दुसऱ्या लादीला स्वतःच हात घातला.

"बघतेस काय, दमयंती? त्या बाजूनं धर. भरती आपल्यासाठी थांबनार हाय का?"