न दिसणारी ओळ

"सेवा सापडली नाही," असं संगणकाच्या पडद्यावर तिसऱ्यांदा उमटलं आणि आवकबाबूंचा पारा चढला.

"सापडत नाही म्हणजे काय? पत्ता मी स्वतः लिहिलाय!"

चार वाजता ऑफिसात शिपाईमामांच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ होता. तिथल्या आवक-जावक टेबलावरून आवकबाबूंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी मामांवरचा त्यांचा लेख त्यांच्या ब्लॉगवरून सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं होतं. तीन वाजून गेले तरी लेख ब्लॉगवर चढवायचं सॉफ्टवेअर ऐकेना आणि लेख घरातच अडून बसलेला. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, आपण नुसता साइटचा पत्ता द्यायचा. लेख कुठल्या खिडकीत टाकायचा, ते सॉफ्टवेअर आपलं आपण शोधतं. कालपर्यंत शोधत होतं. तुम्ही काही पुसलंत का?"

"पुसलं नाही, साफसफाई केली. ब्लॉगच्या पानामागच्या कोडमध्ये एक ओळ होती. वाचकाला दिसत नाही, जावक क्रमांक नाही, सही नाही. उडवली."

"अहो बाबा! खिडकी कुठे आहे ते तीच ओळ सॉफ्टवेअरला सांगते! आता ती आणू कुठून?"

"कुठून म्हणजे? फाइलमधून. उडवण्याआधी छापून लावलीय."

चौतीस वर्षांची खोड अशी कामी आली. एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत त्यांनी ती ओळ पुन्हा जागेवर बसवली. सॉफ्टवेअरला सेवा चुटकीसरशी सापडली.

पण 'प्रकाशित करा'वर बाबूंचं बोट थबकलं. लेखात त्यांनी ऐटीत लिहिलं होतं, 'पाकिटावर नुसतं ऑफिसचं नाव असलं, तरी नेमकं टेबल शोधण्यात माझा हातखंडा होता. मामा ते नेऊन देत.' खरं तर असलं पाकीट आलं की बाबू ते गुपचूप मामांपुढे धरत. "हे तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंचं," मामा सांगत. बाबू शिक्का मारत. शाबासकी बाबूंना मिळे.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी ते वाक्य खोडून लिहिलं, 'टेबल मामा शोधत. मी शिक्का मारत असे.' चारला पाच मिनिटं कमी असताना लेख गेला.

पाच वाजता मामांचा फोन आला.

"साहेब, सगळ्यांसमोर वाचला. एवढं खरं लिहायची काय गरज होती?"

"आधीच लिहायला हवं होतं, मामा."

मामांनी घसा खाकरला.

"एक विचारू? आज तसलंच एक पाकीट आलं होतं. कुणाचं ते मला माहितीय, पण हारतुऱ्यांच्या गडबडीत खिशातच राहिलं. उद्या नेऊन देतो. मला आत सोडतील ना?"